पियानो सोलो: नागपुरातल्या मुलांनी फक्त ग्रेडचे पीस वाजवायचे, की स्वतःचं काही बांधायचं?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात धरमपेठेतल्या एका क्लासचा वार्षिक कार्यक्रम ऐकला. मुलांची तयारी चांगली होती, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे ग्रेड परीक्षेचेच पीस. एका मुलीने एक जुनं मराठी भावगीत स्वतः पियानोसाठी बांधलं होतं. ते यादीतून काढलं, कारण काय, तर "हे पियानोचं संगीत नाही." ते वाक्य मला खटकलं, म्हणून हा धागा.

माझं मत असं की ओळखीच्या चालीवर सोलो बांधणं हीच रचनेची पहिली शाळा आहे, आणि पियानोचा इतिहास याच कामाने भरलेला आहे. बाखने विवाल्दीचे कॉन्चेर्तो कळफलकावर उतरवले. लिस्टने बेथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी एकट्या पियानोवर आणल्या. 1837 साली पॅरिसमध्ये लिस्ट आणि थालबर्ग या दोन पियानोवादकांचा तो प्रसिद्ध सामना झाला, त्यात दोघांनीही लोकांच्या ओठांवरच्या ऑपेरातल्या चालींवर बांधलेल्या फँटसीच वाजवल्या. बार्टोकने खेड्यापाड्यांतून चाली गोळा केल्या आणि 1915 मध्ये रुमानियन लोकनृत्यं पियानोसाठी लिहिली. त्यांनी केलं ते संगीत आणि आमच्या मुलीने केलं ते कमअस्सल, हे कसं?

यात मेहनत किती असते ते एका उदाहरणावरून सांगतो. समजा चाल यमनातली आहे. पांढरी एकचा सा धरला तर तीव्र मध्यम काळी तीनवर येतो. आता डाव्या हाताला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, द्यायची. पुस्तकातली सवय सांगते, पंचमावर डॉमिनंट सेवन्थ लावा. ती कॉर्ड म्हणजे प-नी-रे-म, आणि हा म शुद्ध, यमनाला तर तीव्रच हवा. एका कॉर्डने यमन गेला! तिथे प-नी-रे आणि तीव्र म घ्यायचा. किंवा रे-तीव्र म-ध ही कॉर्ड घ्यायची आणि तळाशी सा तसाच ठेवायचा. हे त्या मुलीने कानाने शोधलं होतं, कोणी शिकवलं नव्हतं. असा शोध परीक्षेचा कुठला पीस घ्यायला लावतो?

सदरच्या बाई

मी पियानो शिकवते, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं शक्य नाही.

लिस्टचं उदाहरण सगळे देतात. लिस्टने आधी काय काय पचवलं होतं, ते कोणी बोलत नाही. माझ्याकडे "मॅडम, मी अरेंजमेंट केली आहे" म्हणून जी मुलं येतात, त्यांचं काय असतं सांगू? उजवा हात चाल वाजवतो, तीही अष्टकात दुप्पट करून. डावा हात सा-प-सां, सा-प-सां. पेडल सुरुवातीला दाबलं की शेवटी उचलायचं. गाणं बदललं तरी डावा हात तोच. याला रचना म्हणायला मी तयार नाही.

बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन नावाच्या छोट्या रचना मी प्रत्येकाकडून करून घेते. त्यांत डावा हात उजव्याइतकंच बोलतो. ते अंगात मुरलं की मग भावगीत घ्या, सिनेमाचं गाणं घ्या, माझी हरकत नाही. आणि परीक्षा म्हणजे शत्रू असा सूर लावू नका. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षेत एका पीसऐवजी स्वतःची रचना वाजवायची सोय आहे. पण ती कागदावर लिहून द्यावी लागते, आणि आपली मुलं अडतात ती नेमकी तिथे. वाजवता येतं, लिहिता येत नाही. जे लिहिता येत नाही, ते पुढच्या आठवड्यात बदललेलं असतं.

खडा_षड्ज

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. भावगीत काय, सिनेमाचं गाणं काय, खुशाल वाजवा. रागाला मात्र हात लावू नका.

तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार ऐकू येतो तो षड्जापासून 386 सेंटवर असतो (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पियानोचा गंधार 400 सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक ज्या कानांनी तंबोरा ऐकला आहे त्यांना टोचतो. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पियानोसारखेच ठरीव सूर असलेल्या हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. बंदीच्या मार्गाबद्दल मतभेद असू द्या, त्यामागची तक्रार खोटी नव्हती.

त्याहून मोठी अडचण कॉर्डची. सा-ग-पवरून तुम्ही ध-सा-गवर गेलात की ऐकणाऱ्याचा षड्ज धैवतावर सरकतो. राग उभा असतो तो न हलणाऱ्या षड्जावर. षड्ज हलला तर ती मूर्च्छना झाली, म्हणजे त्याच स्वरांना नवा षड्ज, राग कुठे राहिला? आणि भूप व देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच. फरक आहे तो वादीत (मुख्य स्वरात), न्यासात (थांबण्याच्या स्वरात), स्वर लावण्याच्या रीतीत. भूपातली प-ग ही मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत येणं, पियानोवर कशी काढणार ते सांगा.

मंद्रसप्तक

@सदरच्या बाई: सा-प-सां बद्दल पूर्ण सहमत. त्याला उपाय मात्र माझ्या मते जास्त अरेंजमेंट करणं हा आहे, कमी नाही. इन्व्हेन्शन "मुरेपर्यंत" थांबा म्हटलं की पोरगं बारावीला पोचतं आणि पियानो बंद होतो. दोन्ही सोबत चालू द्या. त्याच भावगीताच्या मुखड्याला डाव्या हातात कॉर्ड न वापरता फक्त एक सुटी ओळ लिहून आण, असा गृहपाठ द्या. बाख आपोआप लागतो.

@खडा_षड्ज: भूपच घेऊ. सा रे ग प ध या पाच स्वरांत तीन सुरांच्या सरळ कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. पंचमावरची कॉर्ड करायला निषाद लागतो, तो भूपात नाही. म्हणजे राग स्वतःच सांगतो की इथे कॉर्डचा बाजार मांडू नकोस. अशा वेळी मी डाव्या हाताला सा-प धरून ठेवतो आणि वर रे-ध, प-रे असे पंचम एकमेकांवर रचतो. षड्ज तळाला वाजत राहतो, त्यामुळे तो सरकत नाही.

युरोपच्या परंपरेलाही हे परकं नाही. शोपँची 1844ची बर्सूज (पाळणागीत) ऐका. डाव्या हातात षड्ज जवळजवळ सगळा पीसभर तसाच, आणि वर उजवा हात एका छोट्या चालीचा विस्तार करत जातो, प्रत्येक फेरीत बारीक. आलापीची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्यांदा ऐकतानाच आपली वाटते.

मींड निघत नाही, हे खरंच. गळा प वरून ग वर येताना दोन्ही मध्यमांच्या जागेवरून न थांबता घसरतो. पियानोवर त्या जागेची पट्टी दाबली की वर्ज्य मध्यम वाजलाच. म्हणून मी पंचम सोडायच्या आधी गंधार दाबतो, दोघं क्षणभर एकमेकांत मिसळतात, मग पंचम उचलतो. ती मींड नव्हे, पण उडीही नव्हे. आणि दरबारीचा आंदोलित गंधार किंवा मियाँ मल्हार मी पियानोवर घेतच नाही. हंसध्वनी, दुर्गा, कीरवाणी अशा रागांना पियानो जास्त मानवतो.

बुटीबोरीवाला

मंद्रसप्तक भाऊ, सगळं वाचून राहिलो. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्नाचे आणि गणपतीचे कार्यक्रम करतो. तुमची चर्चा श्रुतीवर चालली आहे, पण ज्या गोष्टीवर सोलो पडतो ती कोणी सांगूनच नाही राहिलं.

गाण्यात अंतरे दोन-तीन असतात. चाल तीच, शब्द बदलतात. गायक गातो तेव्हा शब्द ओढून नेतात. पियानोवर शब्दच नाहीत न! दुसरा अंतरा तसाच्या तसा वाजवला की पब्लिक मोबाईल काढते, हे मी रोज पाहतो. म्हणून मी दुसऱ्या अंतऱ्यात चाल डाव्या हाताच्या अंगठ्याकडे देतो, मधल्या सप्तकात. उजवा हात वरून हलकं हलकं भरत राहतो. लोकांना वाटते कोणी पुरुष गाऊन राहिला. तिसऱ्याला ठेका बदलतो नाहीतर सरळ सोडून देतो.

दुसरी गोष्ट, लांब सूर. गायक सूर धरतो, वाढवतो. हार्मोनियमचा भाता असते, तोही धरतो. पियानोचा सूर वाजला की उतरणीलाच लागते. संथ गाणं पियानोवर बसवायचं तर तो सूर मरायच्या आत मध्ये काहीतरी हललं पाह्यजे. हे ज्याला जमलं त्याला मी अरेंजर म्हणतो. बाई म्हणतात ते इन्व्हेन्शन मी नाही शिकलो, पण हे शिकलो ते गाणी बसवूनच.

सदरच्या बाई

बुटीबोरीवाला, तुम्ही अंगठ्याचं जे सांगितलंत ना, तेच थालबर्गचं गाजलेलं तंत्र. चाल मध्ये अंगठ्यांवर, भोवती दोन्ही हातांची झुळझुळ. लोकांना तीन हात वाजवतात असं वाटायचं. तुम्ही स्वतःच्या वाटेने तिथे पोचलात, हे मला मनापासून आवडलं.

पण माझा मुद्दा यानेच पक्का होतो. तुम्हाला हे गवसायला किती लग्नं वाजवावी लागली असतील! वर्गात हे एका महिन्यात दाखवता येतं, कारण ते लिहिलेलं आहे. छापील संगीत शिकवायचं ते यासाठी. मंद्रसप्तक "मुरेपर्यंत थांबा" याची थट्टा करतात, पण अंगठ्याने चाल उठावदार आणि बाकीची बोटं दबकी, हा तोल येण्याआधी तीन हातांचं लिहून दिलं तर ऐकू येतो तो फक्त गलका.

सिव्हिललाइन्स_अपराइट

थोडं अवांतर, पण नागपुरात हे बोलायलाच हवं. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा अपराइट, म्हणजे उभा पियानो, आहे. मे महिन्यात पारा 45च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आकसतं. त्यात खोलीत डेझर्ट कूलर लावला की उलट दमट, मग लाकूड फुगतं. सकाळ-संध्याकाळ सूर वेगळा. ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागतो. खडा_षड्ज सरांचे चौदा सेंट आमच्याकडे जूनपर्यंत कुठल्या कुठे जातात. कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नका, एवढंच सांगणं. बाकी माझं मत बाईंच्या बाजूने.

काळाकोट

कायद्याचं एकच. 1957च्या कॉपीराइट कायद्यात "रूपांतर" या व्याख्येत संगीतकृतीची अरेंजमेंट आणि ट्रान्सक्रिप्शन दोन्ही येतात. संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क चालू राहतो. म्हणजे विसाव्या शतकातली बहुतेक भावगीतं आणि सिनेमाची गाणी अजून हक्कात आहेत. घरी बसून शिकायला बांधा, कोणी विचारणार नाही. हौशी मंडळाच्या विनातिकीट कार्यक्रमातल्या सादरीकरणाला सूट आहे. अरेंजमेंट छापून विकायची किंवा ऑनलाइन टाकून पैसे मिळवायचे तर परवानगी घ्या. रागावर मालकी कोणाची नाही. तेव्हा ज्यांना प्रकाशित करायचं आहे त्यांनी रागाच्या आधाराने स्वतःची चाल रचावी, असं माझं वकिली मत.

खडा_षड्ज

वकीलसाहेबांनी नकळत माझ्या दारात गर्दी पाठवली! 

मंद्रसप्तक, तुमचा सा-प धरून ठेवायचा उपाय प्रामाणिक आहे. दरबारी सोडता हेही चांगलं. तरी देशकाराचं उत्तर आलं नाही. तुम्ही पट्ट्या योग्य निवडल्या म्हणून भूप होत नाही. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं सभागृह ज्या गावात आहे, त्या गावात तरी मला हे फोड करून सांगावं लागू नये. वसंतराव एकाच सुराला किती तऱ्हांनी भिडायचे, ते ऐका. ती भिडण्याची जागा दोन पट्ट्यांच्या मध्ये असते, आणि तिथे पियानोला तार नाही. माझी मागणी एवढीच आहे: कार्यक्रमपत्रिकेवर "राग भूप" असं छापू नका. "भूपाच्या स्वरांवर आधारित पियानो रचना" म्हणा. ऐकायला येईन.

मंद्रसप्तक

देशकारचं उत्तर देतो. भूपाचा वादी गंधार, वावर पूर्वांगात. म्हणून मी चाल मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात ठेवतो आणि वाक्य गंधारावर थांबवतो, तिथे डावा हातही थांबवतो. देशकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगात खेळतो. तो वाजवायचा तर सगळा मजकूर वर उचलावा लागेल आणि धैवत पुन्हा पुन्हा सुटा वाजवावा लागेल. पियानोकडे मींड नाही, पण सव्वासात सप्तकं आहेत आणि प्रत्येक सुराचं वजन बोटात आहे. ती त्याची भाषा. पत्रिकेवरचा मजकूर तुम्ही म्हणता तसा छापायला माझी ना नाही, रागाचं नाव आधाराला राहिलं की पुरे.

बाई, गलका होतो हे मान्य. पण मुलांनी तो स्वतःच्या लिखाणात एकदा ऐकल्याशिवाय बाकीची बोटं दबकी का ठेवायची, हे त्यांना पटत नाही. सांगून तर मुळीच नाही.

सदरच्या बाई

पटतं, सांगून पटतं, रोज पटवते. तरी एक करू. पुढच्या कार्यक्रमात माझ्या वरच्या ग्रेडच्या मुलांसाठी एक जागा मोकळी ठेवते. अटी अशा: रचना दोन पानांत, स्टाफवर (पाच रेघांवर) लिहिलेली, पेडल कुठे दाबायचं आणि कुठे उचलायचं त्याच्या खुणांसह. सा-प-सां चार मापांपेक्षा जास्त चाललं तर परत पाठवीन. आणि त्याच मुलाने त्याच दिवशी एक इन्व्हेन्शनही वाजवायची. ही शेवटची अट सुटणार नाही.

बुटीबोरीवाला

बाई, बाहेरच्या माणसाला घेता का त्या जागेत? लिहिणं मी शिकून घेतो. पण माझ्याकडे 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, जमते का तेवढ्यात?

सदरच्या बाई

या की, जरूर. 61 पट्ट्यांत मधल्या सा च्या खाली दोनच सप्तकं मिळतात, तेव्हा खर्जातले अष्टक लिहू नका, आणि सस्टेन पेडल जोडता येत असेल तर आधी ते घ्या. पट्ट्या हलक्या असल्यामुळे अंगठ्याचा तोल त्यावर कळायचा नाही. तेवढ्यासाठी रविवारी सदरला येऊन क्लासच्या पियानोवर बसत जा. पहिला अंतरा लिहून आणा, दुसरा तिथे लिहू.