रॉम्नी हरले ते मॉर्मन होते म्हणून नव्हे

बोस्टनवासी

परवा इथे एका सदस्याने लिहिलं की रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी 2012 ला अध्यक्षपदाची निवडणूक ओबामांपुढे हरले ते केवळ मॉर्मन (यूटात जोर असलेला एक ख्रिस्ती पंथ) असल्यामुळे, आणि अमेरिकेने धुतल्या तांदळासारखा माणूस हातचा घालवला. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मॉर्मन पंथाचं सगळ्यात जास्त वावडं कोणाला? गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट मतदारांना. त्यांच्यातले 79 टक्के रॉम्नींच्या पाठीशी उभे राहिले. आधीच्या रिपब्लिकन उमेदवारांपैकी 2004 ला बुशना तेवढेच मिळाले होते, 2008 ला मॅकेनना त्याहून कमी. डॅलसच्या रॉबर्ट जेफ्रेस या पाद्र्याने ऑक्टोबर 2011 मध्ये या पंथाला जाहीरपणे 'कल्ट' म्हटलं, आणि पुढच्या वर्षी त्यानेच रॉम्नींना पाठिंबा दिला.

हरले ते स्वतःच्या तोंडामुळे. मे 2012 मध्ये बोका रेटनला देणगीदारांपुढे ते म्हणाले की 47 टक्के लोक सरकारवर अवलंबून असतात, स्वतःला बळी समजतात, त्यांची काळजी वाहणं माझं काम नाही. सप्टेंबरमध्ये ती चित्रफीत बाहेर आली.

ते गव्हर्नर होते तेव्हा मी मॅसॅच्युसेट्समध्येच होतो. 2006 चा आरोग्यविम्याचा कायदा त्यांनी केला, आणि तो चांगला होता. माझी नोकरी गेलेली असताना बायकोचं ऑपरेशन त्याच विम्यावर झालं. फॅन्युइल हॉलमध्ये सही करताना टेड केनेडी शेजारी उभे होते. पुढे ओबामांनी तोच साचा देशभर वापरला, तर हे म्हणाले, निवडून आलो की मोडीत काढतो! गर्भपाताचंही तेच. 1994 आणि 2002 ला एक भूमिका, अध्यक्षपद दिसायला लागल्यावर दुसरी. याला चारित्र्य म्हणायचं?

सुलभा_यूटा

तुम्ही भूमिका मोजताय, मी माणूस बघते. मॉर्मनांमध्ये बिशप, म्हणजे वॉर्डाचा (स्थानिक मंडळीचा) प्रमुख, पगारी नसतो. आपली नोकरी सांभाळून शेजाऱ्यांची आजारपणं, भांडणं, थकलेली भाडी बघायची असतात. रॉम्नी बोस्टन भागात आधी बिशप होते, मग 1986 ते 1994 स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे अनेक वॉर्डांचे प्रमुख. त्यांच्या वॉर्डातल्या चौदा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला. मुलाने सांगितलं, मला मृत्युपत्र करायचंय. हे पिवळा कागद घेऊन त्याच्या उशाशी बसले आणि त्याची स्केटबोर्डं, मासेमारीचं सामान कोणाला द्यायचं ते लिहून घेतलं. त्याच्या आईवडिलांनी 2012 ला टँपाच्या रिपब्लिकन अधिवेशनात हे सांगितलं तेव्हा मी रडले.

यूटामध्ये आम्ही नवे होतो तेव्हा माझे यजमान हॉस्पिटलात होते. रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे मॉर्मन चर्चच्या महिला मंडळाच्या बायका आल्या. शाकाहारी म्हटल्यावर एकीने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "जिलेटिन चालतं का?" महिनाभर डबे येत होते, दारातलं बर्फ कोणीतरी पहाटेच काढून जायचं. धर्माचं एक पुस्तकही कोणी पुढे केलं नाही.

विवेक_पी

सुलभाताई, तुमचा अनुभव खरा असेल. आम्हीही यूटात तुमच्याच भागात राहिलो. मिशनरी पोरं दारी येत होती तोवर माझ्या मुलीला प्रत्येक वाढदिवसाचं बोलावणं. आम्ही मॉर्मन होणार नाही असं कळल्यावर बोलावणी बंद. सात वर्षांची पोर खिडकीत बसून शेजारच्या अंगणातले फुगे बघायची. ते मी विसरणार नाही.

आणि रॉम्नींचा धर्म विषयाबाहेर कसा? 1978 पर्यंत या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना पुरोहितपद नव्हतं. रॉम्नी तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

बोस्टनवासी

ते चर्चचं पाप आहे, त्यांच्या माथी मारू नका. वडील जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर असताना 1963 मध्ये नागरी हक्कांच्या मोर्च्यात चालले होते. बंदी उठल्याची बातमी ऐकून आपण गाडी कडेला घेऊन रडलो, असं मिटनी 2007 मध्ये सांगितलं. माझं भांडण त्यांच्या धर्माशी नाहीच.

चाकण_ते_शिकागो

धर्म राहू द्या, रॉम्नींच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचं बोला. स्टेपल्स ही स्टेशनरी दुकानांची साखळी उभी केली हे सगळे सांगतात, कॅन्सस सिटीचा जीएसटी स्टील कारखाना कोणी सांगत नाही. कंपनी विकत घ्यायची, तिच्याच नावावर कर्ज काढायचं, त्यातून स्वतःचा लाभांश काढून घ्यायचा. 2001 ला दिवाळखोरी. सातशेच्या वर कामगार घरी, आणि पेन्शनचा खड्डा सरकारी विमा संस्थेने भरला.

माझ्या कंपनीतही हेच झालं. अशाच एका फर्मने घेतली, पहिल्या वर्षी कॅन्टीन गेलं, दुसऱ्या वर्षी आमचा अख्खा विभाग. एच-वन-बीवर होतो, मुलाची शाळा अर्ध्यात सोडवून परत आलो. ऑलिंपिकच्या गोष्टी मला सांगू नका.

सुलभा_यूटा

सांगणारच. कारखाना बंद पडला तेव्हा ते 1999 पासून सॉल्ट लेकला ऑलिंपिकच्या कामात होते. लाचखोरीने बदनाम झालेलं, कोट्यवधींच्या तुटीत गेलेलं आयोजन हातात घेतलं आणि 2002 चे खेळ नफ्यात संपवले.

चाकण_ते_शिकागो

केंद्र सरकारने ओतलेले पैसेही मोजा. आणि कर्ज त्यांच्याच काळात काढलं होतं.

विवेक_पी

मूळ मुद्दा टाळताय सगळे. फेब्रुवारी 2012 ची बातमी आठवा: मॉर्मनांनी केलेला गांधीजींचा मरणोत्तर बाप्तिस्मा! मॉर्मन मंदिरात बारा बैलांच्या पुतळ्यांवर पेललेला हौद असतो, त्यात कोणीतरी मृताच्या नावाने बुडी मारतो. छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंचेही केले. 1995 ला थांबवायचं कबूल करूनही चालूच. छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांनी रॉम्नींना जाहीर आवाहन केलं की चर्चला हे थांबवायला सांगा. रॉम्नी गप्प. आपण पूर्वी हा विधी केला असल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

अनघा_गोवेकर

महालयात आपण धर्मपिंड देतोच ना? ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी, त्यांची जात-गोत्र न विचारता. मॉर्मनांच्या मते मृतात्मा तो बाप्तिस्मा नाकारूही शकतो. हेतू वाईट नाही.

विवेक_पी

अनघा, काय बोलतेस! पिंड दिल्याने कोणी हिंदू होत नाही. इथे ज्या माणसाने हयातभर धर्मांतराला विरोध केला त्याचं नाव दुसऱ्या धर्माच्या दप्तरात चढवलं. तुझ्या आजोबांचं नाव तिथे सापडलं तर?

अनघा_गोवेकर

आमच्या घराण्याला धर्मांतर शिकवू नकोस. गोव्यात पोर्तुगिजांनी जिवंत माणसांचे बाप्तिस्मे केले, आमची एक पाती आजही चर्चला जाते आणि गणपतीला घरी जेवायला येते. म्हणून कागदावरच्या बाप्तिस्म्याने माझं रक्त तापत नाही. गांधीजींचं नाव घ्यायला नको होतं, एवढं मानते. त्यापुढे एक पाऊल नाही.

चाकण_ते_शिकागो

गांधी, पिंड, पोर्तुगीज… कामगार राहिले बाजूला.

सुलभा_यूटा

बोस्टनवासी, तुम्ही 2020 बद्दल अवाक्षर काढलं नाहीत. 5 फेब्रुवारीला सिनेटमध्ये ट्रम्पना दोषी ठरवणारे ते एकमेव रिपब्लिकन होते. स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध महाभियोगात असं मत अमेरिकेच्या इतिहासात आधी कोणी दिलं नव्हतं. देवाला स्मरून शपथ घेतली आहे, असं म्हणताना आवाज अडखळला. 2021 मध्ये पुन्हा तेच मत. त्या काळात विमानतळांवर लोक शिव्या घालायचे. हे त्यांच्या श्रद्धेतून आलं, आणि तुम्हाला ते दिसत नाही.

बोस्टनवासी

दिसतं. ते मत धैर्याचं होतं, दिलं तुम्हाला. पण 2012 च्या फेब्रुवारीत लास व्हेगासला ट्रम्पच्या शेजारी उभं राहून पाठिंबा कोणी घेतला? ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, असं म्हणत ट्रम्प वर्षभर गरळ ओकत होते, ते ठाऊक असताना? 2016 ला परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांच्यासोबत जेवायला कोण बसलं? 72 व्या वर्षी, पुढची मोठी निवडणूक डोळ्यापुढे नसताना आलेलं धैर्य मी मोजतो. पण अर्धंच.

सुलभा_यूटा

अर्धं तर अर्धं. बाकीच्या बावन्न रिपब्लिकनांकडे तेवढंही नव्हतं.