लवाद, मध्यस्थ की पंच? करारात नेमका कोणता शब्द लिहायचा

प्रश्न

भागीदारीपत्राचा मसुदा मराठीत करतो आहे. भागीदारांत वाद झाला तर कोर्टाची पायरी न चढता तो मिटवावा, असे कलम घालायचे आहे. 'वाद मध्यस्थामार्फत सोडवला जाईल' असे लिहिले आहे. एका परिचितांनी 'मध्यस्थ' काढून 'लवाद' लिहायला सांगितले. पण लवाद म्हणजे ते नद्यांच्या पाण्याचे वाटप करतात तेच ना? आणि दोन्हींपेक्षा 'पंच' हा शब्द सोपा नाही का?

प्रतिसाद

तुमच्या परिचितांनी योग्य सांगितले आहे. 'लवाद'च लिहा.

मराठीत मध्यस्थ म्हणजे दोघांच्या मध्ये बसून बोलणी घडवून आणणारा. तो समजूत घालेल, तोडगे सुचवेल, पण निर्णय लादू शकत नाही. एका भागीदाराने 'मला पटत नाही' म्हटले की त्याचे काम तिथे संपते. लवाद दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतो, कागदपत्रे व पुरावा तपासतो आणि निवाडा देतो. तो निवाडा न पटणाऱ्यावरही बंधनकारक असतो. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम ३६ नुसार त्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी करता येते. त्यामुळे उद्या भांडण झाले आणि करारात 'मध्यस्थ' असेल, तर समोरच्याचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल की आम्ही बोलणी करायचे कबूल केले होते, कोणाचा निर्णय मानायचे नव्हे.

हा घोळ हिंदीतून येतो असे मला वाटते. त्याच कायद्याचे हिंदी नाव 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम' आहे आणि हिंदी पाठात निवाडा देणाऱ्याला 'मध्यस्थ' म्हटले आहे. हिंदी मसुद्यावरून मराठी करार बेतला की तो शब्द जसाच्या तसा उतरतो. शब्द एकच, पण दोन्ही भाषांत त्याचे वजन वेगळे. करार मराठीत करताना मराठी अर्थच धरायला हवा.

पाण्याच्या लवादाबद्दलची शंका रास्त आहे. आपण 'लवाद' हा शब्द निवाडा देणाऱ्या व्यक्तीसाठी वापरतो, तिच्यासमोर चालणाऱ्या प्रक्रियेसाठी वापरतो आणि सरकारने नेमलेल्या न्यायाधिकरणासाठीही वापरतो. १९६९ मध्ये नेमलेला कृष्णा पाणीतंटा लवाद, म्हणजे आपण ज्याला बच्छावत लवाद म्हणतो तो, या तिसऱ्या प्रकारातला. राष्ट्रीय हरित लवादही तसाच. हे कायद्याने स्थापन होतात, तिथे पक्षकारांनी आपसात करार केलेला नसतो. तुमच्या भागीदारीतला लवाद तुमच्या संमतीतून जन्मतो, आणि त्याच्या अधिकाराचे मूळ तुमची सही असते.

उपप्रश्न

मग महामार्गात जमीन गेलेले शेतकरी 'लवादाकडे अर्ज केला' म्हणतात, ते कोणत्या अर्थाने? त्यांनी तर कोणताच करार केलेला नसतो.

प्रतिसाद

फार चांगला प्रश्न. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये तशी तरतूद आहे. भूसंपादन अधिकाऱ्याने ठरवलेला मोबदला मान्य नसेल तर वाद लवादाकडे जातो आणि हा लवाद केंद्र सरकार नेमते. प्रत्यक्षात ते काम बहुधा जिल्हाधिकारी किंवा आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. कार्यपद्धती लवादाची, पण निवड शेतकऱ्याची नाही. मला हे खटकते. दोघांनी मिळून निवडलेला माणूस हा लवादाचा प्राण आहे आणि इथे तोच भाग गळून पडतो.

खासगी करारातही या बाबतीत सावध राहा. 'लवादाची नेमणूक पहिला भागीदार करील' असे कलम कित्येक छापील नमुन्यांत सापडते. ज्याचे निकालात हितसंबंध आहेत त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आणि २०२४ मध्ये घटनापीठाने एकतर्फी नेमणुकीच्या कलमांवर पुन्हा बोट ठेवले. नेमणूक सर्वांच्या संमतीने होईल असेच लिहा. संमती होत नसेल तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ११ खाली उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

उपप्रश्न

माझे कलम सुधारून असे केले आहे: 'वाद झाल्यास, भागीदारांनी ठरवल्यास, तो लवादाकडे सोपवता येईल.' आता ठीक?

प्रतिसाद

नाही. 'लवाद' शब्द आला, पण 'ठरवल्यास' आणि 'येईल' यांनी कलमातला जीव काढून घेतला. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर (२००७) हे प्रकरण अगदी असेच आहे. तेही भागीदारीपत्रच होते. वाद भागीदारांनी आपसात मिटवावा किंवा पक्षकारांनी तसे ठरवल्यास लवादाकडे द्यावा, असा त्यातला आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हा लवादाचा करारच नव्हे. वाद झाल्यावर नव्याने संमती लागणार असेल तर आज काहीच ठरलेले नाही. भांडण पेटल्यावर संमती कोण देतो?

म्हणून क्रियापद पक्के ठेवा: 'या करारातून उद्भवणारा कोणताही वाद लवादाकडे सोपवला जाईल व लवादाचा निवाडा सर्व भागीदारांवर बंधनकारक राहील.' लवाद एक की तीन ते लिहा. कायद्यानुसार सम संख्या चालत नाही आणि संख्या लिहिलीच नाही तर एकच धरला जातो. लवादाचे स्थान लिहा. कामकाजाची भाषाही ठरवता येते, कलम २२ तशी मोकळीक देते. मराठीत कामकाज हवे असेल तर ते करारातच नोंदवा, हा माझा आग्रह. आपल्या भाषेत साक्ष देणारा माणूस अडखळत नाही.

उपप्रश्न

'पंच' राहिले. आणि 'निवाडा' ऐवजी 'निकाल' चालेल का?

प्रतिसाद

'पंच' हा सुंदर शब्द आहे, बोलण्यात खुशाल वापरावा. करारात मात्र टाळा, कारण पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदारही पंच, खेळातला निर्णय देणाराही पंच आणि ग्रामपंचायतीतलाही पंच. गावच्या तंटामुक्ती समितीलाही लवाद समजू नका. २००७ पासूनच्या त्या मोहिमेचा भर तडजोडीवर आहे. लोकन्यायालयही निराळे. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नसते, पण तो तडजोडीतून येतो, दोन्ही पक्ष राजी झाल्याशिवाय होत नाही.

'निकाल' म्हटल्याने अर्थ बिघडणार नाही, पण रूढ शब्द 'निवाडा'च आहे. 'आदेश' मात्र नको, कारण लवाद कामकाज चालू असताना अंतरिम आदेशही देतो आणि मग अंतिम कोणता यावर खल होतो. निवाड्याविरुद्ध 'अपील' करता येईल असेही कुठे लिहू नका. कलम ३४ खाली न्यायालयात जाता येते ते निवाडा रद्द करून मागण्यासाठी, तेही मोजक्या कारणांवर आणि निवाडा हाती पडल्यापासून तीन महिन्यांत. न्यायालय फार तर ३० दिवसांची सवलत देते. त्यासाठी वकील मंडळी 'कलम ३४ चा अर्ज' म्हणतात, तोच शब्दप्रयोग करा.