नवं .२२ स्पोर्ट पिस्तूल रॅपिडमध्येच का अडकतं? (दुधाळी रेंज, कोल्हापूर)

रंकाळा२२
नमस्कार. दुधाळीच्या रेंजवर २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलचा सराव करते. लायसन्सवर घेतलेलं नवं सेमी-ऑटोमॅटिक आहे, मॅगझीन ट्रिगरच्या पुढे बसतं. आजवर २५० राउंड झाले, त्यात ११ वेळा अडकलं. वहीतली नोंद अशी: ७ वेळा रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टमध्ये (दर शॉटला मागेपुढे सरकणारा धातूचा ठोकळा) उभी चिमटली. ३ वेळा पुढचं काडतूस नाक वर करून चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) तोंडाशी अडलं. एकदा नुसता टक् आवाज आला, गोळी सुटलीच नाही.

काडतूस ४० ग्रेन गोळीचं, स्टँडर्ड व्हेलॉसिटी (नेहमीच्या वेगाचं), सगळं एकाच लॉटचं. ११ पैकी ९ अडचणी रॅपिडमध्ये (हात खालून वर आणून तीन सेकंदांत एक शॉट), प्रिसिजनमध्ये (सावकाश नेम धरून) फक्त २. पहिल्या शंभर राउंडला काहीच झालं नव्हतं. त्यानंतर ग्रिपवर अंगठा टेकतो तिथे वुड पुट्टी लावून ती हाताला बसवून घेतली. पिस्तूल अजून आतून साफ केलेलं नाही. एक सल्ला आला की हाय व्हेलॉसिटी काडतूस वापर, दुसरा आला की रिकॉइल स्प्रिंगची एक कडी काप. महिन्याभरावर स्पर्धा आहे. सुरुवात कुठून करू?

बोल्ट आणि स्प्रिंग
ताई, कडी अजिबात कापू नका. कापलेली स्प्रिंग बोल्टला मागे जोरात आदळू देते आणि पुढे मात्र दमाने ढकलत नाही. मग काडतूस चेंबरमध्ये पुरतं बसत नाही आणि आज नसलेला बिघाड मागे लागतो. हाय व्हेलॉसिटीचंही तेच. ही पिस्तुलं स्टँडर्डसाठी बांधलेली असतात. जास्त जोराच्या काडतुसाने फ्रेम मार खाते, पिस्तूल जास्त उसळतं आणि तीन सेकंदांत पुन्हा नेम धरणं अवघड होतं. मूळ कारण तर तसंच राहतं.

अशा .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात बोल्टला कुठलंही लॉक नसतं. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग, एवढंच पुंगळीला धरून ठेवतं. २.६ ग्रॅमची एवढीशी गोळी सुटते आणि तेवढ्याच धक्क्यावर बोल्टने मागे जायचं, पुंगळी फेकायची, स्प्रिंग दाबायची. शिल्लक ताकद फार थोडी. म्हणून जरासं घर्षणही भोवतं. उभी चिमटलेली पुंगळी बहुतेक वेळा हेच सांगते की बोल्ट मागे गेला, पण पुरता गेला नाही. पुंगळी इजेक्टरवर (तिला बाहेर फेकणारा खिळा) हवी तशी आपटली नाही आणि परतणाऱ्या बोल्टने तिला पकडलं.

आधी एक चाचणी. मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरा आणि झाडा. बोल्ट मागे अडकून उघडा राहिला तर त्या वेळी बोल्टची धाव पुरी झाली. असं १० वेळा प्रिसिजनच्या पकडीने आणि १० वेळा रॅपिडमध्ये हात वर आणून करा. मात्र रिकाम्या मॅगझीनवर हाताने ओढलेला बोल्ट उघडा राहतो का हे त्याआधी बघून घ्या, नाहीतर दोष मॅगझीनचा किंवा बोल्ट उघडा धरणाऱ्या कॅचचा असायचा आणि तुम्ही स्प्रिंगला धराल.

मग पुट्टी. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे, कारण तुमच्या नोंदीत बिघाड पुट्टीनंतर सुरू झालाय. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांवरून वर येताना अंगठा नकळत जास्त दाबला जातो. पुट्टीची कड किंवा खुद्द अंगठा बोल्टला टेकला की संपलं. मॅगझीन काढा, चेंबर रिकामा असल्याची डोळ्यांनी खात्री करा. बोल्टच्या त्या बाजूला काजळाचा पातळ हात फिरवा, सामन्यातल्यासारखी पकड घ्या आणि दुसऱ्या हाताने बोल्ट २० वेळा मागेपुढे करा. काजळ जिथे पुसलं गेलं किंवा पुट्टीवर उमटलं, ती तुमची जागा. पावसाळ्यात अक्रोडाचं लाकूडही फुगतं, त्यामुळे मार्चमध्ये नीट बसलेली ग्रिप जुलैत घासू शकते. इथे आषाढात हवा कशी असते ते सांगायला नको.

तिसरं म्हणजे सफाई. ती खरं तर पहिल्या राउंडच्या आधीच व्हायला हवी होती. नवं पिस्तूल येतं ते गंज लागू नये म्हणून लावलेल्या दाट तेलात. जळलेली पावडर आणि गोळीवरचं मेण त्यात मिसळलं की चिकट लगदा होतो. ग्रिप काढून बाजूला ठेवा, लाकडाला सॉल्व्हंट लागू देऊ नका. बोल्ट, तो सरकतो त्या पट्ट्या आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणारा आकडा) नखाखालची जागा सॉल्व्हंट व टूथब्रशने साफ करा. नखाखाली शिशाचा एवढासा कण असला तरी पुंगळीची पकड सुटते. चेंबरला ब्राँझ ब्रश चालतो, स्टीलचा नको. शेवटी दोन्ही पट्ट्यांवर एकेक थेंब गन ऑइल. चेंबर आणि बॅरल कोरडं. खोबरेल तेल चुकूनही नको, थंडीत साधारण २४ अंशांखाली ते गोठायला लागतं आणि डिसेंबरच्या सकाळी बोल्टच जड होतो.

एवढं करूनही धाव कमी पडत असेल तर मग स्प्रिंग. नवी स्प्रिंग सुरुवातीला कडक असते, ३००-५०० राउंडनंतर मोकळी होते. बनवणाऱ्याने दिलेली हलकी स्प्रिंग असेल तर ती बसवा. ट्रिगर आणि सिअरला (ट्रिगर दाबेपर्यंत चाप अडवून धरणारा भाग) घरी हात लावू नका, ते लायसन्सधारक गनस्मिथकडेच (बंदुका दुरुस्त करणारा).

पंचगंगाकाठ
वरचं सगळं सात पुंगळ्यांना लागू. नाक वर केलेल्या तीन काडतुसांचा विचार वेगळा करा, ते मॅगझीनचं लक्षण आहे. असतील तेवढ्या मॅगझीनवर मार्करने १, २, ३ लिहा आणि वहीत आणखी एक रकाना वाढवा. एकाच आकड्यापुढे खुणा साचल्या तर बाकी काही खोलायची गरज नाही.

.२२ च्या काडतुसाला मागे कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. मागे राहिली तर बोल्ट वरचं पुढे ढकलताना कडेत कड अडकते आणि नाक वाकडं होतं. प्रत्येक काडतूस भरताना आधीचं थोडं दाबून नवं वरून मागे सरकवायचं, मग बाजूच्या फटीतून पाचही कडा जिन्यासारख्या दिसतायत का बघायचं. घाईत भरलेलं मॅगझीन टेबलावर आपटून बरं होत नाही. मॅगझीनचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, खाली पडून एखादा आत वळलाय का, तेही पाहा. पक्कडीने वळवायच्या फंदात पडू नका. मॅगझीनच्या आत तेल नको, त्याला मेण आणि धूळ चिकटते.

पाच शॉट
न सुटलेल्या गोळीबद्दल. टक् झालं आणि गोळी सुटली नाही तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा, मगच उघडा. ते काडतूस फेकू नका. कडेवरचा ठसा आणि नीट उडालेल्या पुंगळीचा ठसा शेजारी ठेवून बघा. सारखाच खोल असेल तर त्या जागी कडेत पेट घेणारा मसाला कमी होता, हा काडतुसाचा दोष. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या कडेवर आपटणारी सुई) वाटेत ग्रीस साचलंय, नाहीतर बोल्ट पुरता मिटला नव्हता आणि पिनचा जोर त्याला पुढे ढकलण्यात गेला.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे फुस्स असा दबका आवाज आला आणि बोल्ट हललाच नाही, तर पुढचा शॉट घ्यायचाच नाही. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी गेली की बॅरल फुगतं. पिस्तूल रिकामं करून बॅरल आरपार दिसतं का ते बघेपर्यंत थांबा.

घरी ड्राय फायर (काडतुसाविना ट्रिगरचा सराव) करत असाल तर पिस्तुलाची ड्राय फायरची सोय वापरा. ती नसेल तर रिकाम्या चेंबरवर पिन आपटू देऊ नका. रिमफायरमध्ये (.२२ सारखी कडेवर आघात होणारी काडतुसं) पिन थेट चेंबरच्या काठावर बसते, तिथे बारीक कोच पडून धातू आत दबतो आणि काडतूस आत जाताना, बाहेर येताना अडखळतं. नखाने काठ चाचपून बघा, खरखर लागली तर गनस्मिथ.

आता नियम, कारण स्पर्धा जवळ आहे. अडकलं की पिस्तूल खाली लक्ष्याच्या दिशेनेच धरायचं, पकड सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा. रेंज ऑफिसर येण्याआधी बोल्टला हात लावला तर ती अडचण ग्राह्य धरत नाहीत. ट्रिगर पूर्ण न सोडल्यामुळे पुढचा शॉट गेला नाही, तरी ती ग्राह्य नाही. रॅपिडमध्ये पुष्कळ जण इथेच फसतात आणि दोष पिस्तुलाला देतात. ३० शॉटच्या एका स्टेजला असा दावा एकदाच करता येतो. म्हणजे तुमच्या सध्याच्या हिशोबाने दुसऱ्या अडचणीला गुण गेलेच. नेमबाज राही सरनोबत यांचं २०१८ च्या एशियाडमधलं सुवर्ण याच इव्हेंटमध्ये दोन शूटऑफनंतर (बरोबरी सोडवणाऱ्या जादा फेऱ्या) ठरलं. तिथे एक पुंगळी चिमटली असती तर काय झालं असतं याचा विचार करा आणि सफाईचा कंटाळा करू नका.

रंकाळा२२
सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने केलं. एका काडतुसाच्या चाचणीत प्रिसिजनच्या पकडीने १० पैकी १० वेळा बोल्ट उघडा राहिला, रॅपिडला १० पैकी ६. काजळ पुट्टीच्या वरच्या कडेला स्वच्छ उमटलं, साधारण दीड सेंटिमीटर लांब. न सुटलेल्या काडतुसाचा ठसा उथळ निघाला, पिनच्या वाटेत पिवळट ग्रीस होतं, साफ केलं. मॅगझीन २ मध्ये चार काडतुसं भरली की खालचा फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) तिरका होतो, १ आणि ३ मध्ये नाही. आता पुट्टी किती घासू? अंगठ्याचा आधार जाऊ नये असं वाटतं.

बोल्ट आणि स्प्रिंग
आधार जाणार नाही. वरची कड फक्त बाहेरच्या बाजूला उतरती करा, अंगठा टेकतो तो सपाट भाग तसाच ठेवा. ग्रिप पिस्तुलावरून काढून, १८० च्या पॉलिश पेपरने थोडं थोडं घासा, पुट्टीची धूळ यंत्रात जाता कामा नये. बोल्ट आणि कड यांच्यात अंगठा दाबलेला असतानाही निदान १ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. घासलेल्या जागेला वॉर्निशचा एक पातळ हात द्या, नाहीतर उघडं लाकूड आणि पुट्टी पुन्हा ओल ओढतील. वाळल्यावर परत काजळ लावून तपासा.

मॅगझीन २ उघडून आतली स्प्रिंग उलटी बसलेली नाही ना ते १ शी ताडून बघा. सरळ असूनही फॉलोअर तिरकाच राहिला तर ते विक्रेत्याकडून बदलून घ्या आणि तोवर स्पर्धेच्या पेटीत ठेवू नका. नंतर त्याच लॉटचे १०० राउंड, सगळे रॅपिडच्या पकडीने, मॅगझीन १ आणि ३ आलटून पालटून. वही चालू ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रेंजवरून आल्यावर पिस्तूल फोमच्या पेटीत लगेच बंद करू नका, ओला फोम एका रात्रीत गंज चढवतो.