मदत हवी आहे: ‘इन युटेरो’सारखा ड्रमचा आवाज घरच्या खोलीत कसा मिळवायचा?

‘निर्वाणा’ या अमेरिकन रॉक बँडचा हा अल्बम फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत रेकॉर्ड झाला. रेकॉर्डिंग करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने ड्रमर डेव्ह ग्रोलच्या ड्रमसेटभोवतीच नव्हे, तर खोलीभर माइक लावले होते. त्यामुळे स्नेअर (सेटमधला कडक, खणखणीत आवाजाचा ड्रम) वाजला की खोलीही ऐकू येते. (अल्बममधल्या ‘सेंटलेस अप्रेंटिस’ गाण्याची सुरुवात हेडफोनवर ऐका, मग कळेल मी कशासाठी अडून बसलोय.) नंतर ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही गाणी निर्माता स्कॉट लिटने पुन्हा मिक्स केली. ती गुळगुळीत वाटतात, असं आपलं माझं मत.

आमच्या बँडला चार गाणी रेकॉर्ड करायची आहेत. इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) इनपुट चारच. खोली दहा बाय बारा, छत बुटकं, फरशी उघडी. किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक माइक, स्नेअरला एक, उरलेले दोन ओव्हरहेड, म्हणजे ड्रमसेटच्या वर, लावू की लांब कोपऱ्यात जमिनीलगत? अल्बिनी लांबच्या माइकचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा आणायचा, म्हणजे खोली मोठी भासते. एवढ्या छोट्या खोलीत तसं केलं तर उपयोग होतो, की नुसता गोंगाट वाढतो? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? ‘प्लगइन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) टाक’ हा सल्ला कृपया शेवटी द्या.