रन-फ्लॅट की साधे टायर? मदत हवी आहे

बीएमडब्ल्यू ३ सिरीज (एफ३०), टायर २२५/५० आर१७. चारही रन-फ्लॅट (कडक बाजूंचे, हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) एकदमच बदलायचे आहेत: पुढच्या दोघांना खड्ड्यांनी बाजूला फुगे आलेत, मागच्यांची नक्षी २.५ मिमीच उरली आहे. हवा, अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं तपासून झालं, दणके तसेच.

साध्या टायरची मऊ बाजू खड्ड्यांत नक्कीच सुखाची. पण गाडीत स्टेपनी नाही. हवा गेली तरी रन-फ्लॅट ८० च्या वेगाने साधारण ८० किमी नेतो. रात्री ताम्हिणी घाटात मुलं सोबत असताना हे फार मोलाचं. सीलंटने (टायरमध्ये भरायच्या चिकट द्रवाने) खिळ्याचं भोक बुजतं, बाजूची चीर नाही.

साधे टायर लावलेल्यांनी कृपया सांगा: ५×१२० पीसीडी (१२० मिमीच्या वर्तुळावर ५ बोल्ट), ७२.६ मिमी बोअरची (मधल्या भोकाची) बारीक स्टेपनी पुढच्या ब्रेक कॅलिपरला घासते का? आणि डिकीत ती घट्ट कशी बसवलीत?