ब्लास्टरला करंट येत नाही, कुणी सांगू शकेल का?

प्रेषक: कॅलगरी, नॉर्थवेस्ट
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी "गाडी कुठवर आली?" म्हणून विचारलं होतं. गाडी बांधून उभी आहे, पण सुरू होत नाही. यादीवर गाड्यांमधलं कळणारी माणसं आहेत म्हणून लिहितोय.

यामाहा ब्लास्टर, म्हणजे रानात चालवायची चार चाकांची क्वाड, २००२ चं मॉडेल, १९५ सीसी, टू-स्ट्रोक. नोव्हेंबरात एका शेतातल्या शेडमधून उचलली तेव्हा इंजिन जाम होतं. पूर्ण हिवाळा लेक आणि मी गॅरेजात होतो. सिलिंडर बोअर करून घेतला. पिस्टन, रिंगा, क्रँकची बेअरिंगं, ऑइल सील सगळं नवं घातलं. फ्रेम मोकळी करून पावडर कोटिंगला दिली. निळा रंग लेकीने निवडला. वायरिंग मात्र मूळचंच आहे, साफ करून परत बसवलं.

आता किकला कॉम्प्रेशन छान लागतं, पेट्रोल येतंय, प्लग ओला होऊन बाहेर येतो. पण करंट नाही. प्लग हेडला टेकवून, दिवे बंद करून, लेकीला किक मारायला लावली. ठिणगी अजिबात नाही. नवा प्लग घातला, तरी तेच. इंटरनेटवर जो तो "स्टेटर बदल" म्हणतोय, म्हणजे मॅग्नेटमधली करंट बनवणाऱ्या कॉईलची प्लेट. पैसे घालायची तयारी आहे, पण चुकीचा भाग बदलून परत तिथेच यायचं नाहीये. मे लाँग वीकएंडला मॅक्लीन क्रीकच्या रानात क्वाड चालवायला जायचं तिला कबूल केलंय.

कुठून सुरुवात करू?

———

प्रेषक: एअरड्री
रविवार, सकाळी ८:१५

दादा, बॅटरी फुल चार्ज आहे का ते आधी बघा. माझ्या क्वाडला असंच झालं होतं, बॅटरी बदलली आणि पहिल्या बटणाला सुरू. दुसरं म्हणजे इंजिन उघडलं होतंत, तर फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकवर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा) तुटली नाही ना, तेही पाहा.

———

प्रेषक: रेड डिअर
रविवार, सकाळी १०:०५

एअरड्रीकर, तुमच्या मोठ्या क्वाडला बॅटरी आहे, ब्लास्टरला नाहीच. किक मारली की मॅग्नेट फिरतो आणि त्यातूनच सगळा करंट तयार होतो. आणि चावी तुटली तर ठिणगी भलत्या वेळी पडेल, गाडी फटके मारेल, किक उलटी येईल. पण ठिणगी दिसेल. इथे ती दिसतच नाही. म्हणून चावीमागे लागू नका.

आता कॅलगरीकर, तू नीट वाच. सांगलीत माझं एकवीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज होतं, त्यातली निम्मी वर्षं आरएक्स १०० च्या पायाशी बसून गेली. तुझी ब्लास्टर आणि ती गाडी, करंटच्या बाबतीत एकाच घरातल्या. मॅग्नेटच्या प्लेटवरची एक कॉईल करंट बनवते, सीडीआय नावाची इलेक्ट्रॉनिक डबी तो साठवते, प्लेटवरची दुसरी कॉईल, पिकअप, इशारा देते, त्या क्षणी सीडीआय तो एका झटक्यात इग्निशन कॉईलमध्ये सोडतो. कॉईल त्याचे हजारो व्होल्ट करून प्लगला देते. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं विसरलं जातं: गेलेला करंट परत यायला हवा. प्लगच्या आट्यांतून हेडला, हेडमधून इंजिनला, इंजिनातून फ्रेमला, फ्रेममधून कॉईलच्या पायाला. ही परतीची वाट कुठेही तुटली तर ठिणगी मेली.

आधी सोपं ते कर. सीडीआयच्या कनेक्टरमधली काळी-पांढरी वायर सोडव. ती किल स्विचची. या गाड्यांमध्ये बंद करायचं म्हणजे ती वायर अर्थ करायची. हँडलच्या स्विचात पाणी शिरलं किंवा वायर कुठे सोलून फ्रेमला लागली, तर गाडी स्वतःच स्वतःला बंद करत बसते. सोडवून किक मार. ठिणगी आली तर दोष स्विचकडे.

मग टॉर्स. थ्रॉटल अडकला तर करंट तोडायची यंत्रणा आहे ती, एक स्विच अंगठ्याच्या लिव्हरपाशी आणि एक कार्ब्युरेटरवर. बिघडली तर विनाकारण करंट तोडते. तपासणीपुरती बाजूला कर. पण गाडी लेक चालवणार आहे, तेव्हा काम झालं की ती परत जोडायची. बरेच लोक काढून फेकून देतात, मला ते अजिबात पटत नाही.

आणि एक जपा. प्लग ओला आहे म्हणजे सिलिंडरात पेट्रोलची वाफ आहे. ठिणगी बघताना प्लग भोकापासून लांब धर, भोकावर ओलं फडकं ठेव. प्लगची कॅप अधांतरी लोंबकळत ठेवून किक मारू नकोस, करंटला वाट मिळाली नाही की कॉईल नाहीतर सीडीआय जातो.

———

प्रेषक: एडमंटन
रविवार, दुपारी १:३०

काकांनी क्रम अगदी बरोबर लावलाय. मी मोजमापाबद्दल थोडं लिहिते, माझं रोजचं काम तेच आहे.

स्टेटर बदलायच्या आधी त्याच्या दोन्ही कॉईलचा रेझिस्टन्स मोजा, कनेक्टर सोडवून, गाडीच्या बाजूने. आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील. पण ते आकडे २० अंश सेल्सिअसचे असतात, आणि तुमचं गॅरेज आत्ता एवढं उबदार नसणार. तांब्याची तार दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने बदलते. गॅरेज ० अंशावर असेल तर चांगली कॉईलसुद्धा साधारण ८ टक्के कमी दाखवेल. ते बघून कॉईल गेली असं ठरवू नका. मीटरच्या दोन्ही टोकांची वायर आधी एकमेकींना टेकवून किती दाखवते ते पाहा आणि तेवढं वजा करा. इग्निशन कॉईलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली असतो, तिथे हा फरक मोठा ठरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दादा, तुम्ही पावडर कोटिंग केलंय ना? तो थर ६० ते १०० मायक्रॉनचा, भट्टीत भाजलेला प्लास्टिकच असतो. उत्तम इन्सुलेटर. फ्रेमवर जिथे जिथे अर्थ बसतो तिथला रंग खरवडलात का?

———

प्रेषक: रेड डिअर
रविवार, दुपारी १:५२

ताई, शंभर टक्के! मी पावडर कोटिंग वाचलं आणि तरी पुढे गेलो. सांगलीत गणपतीच्या आधी पोरं गाड्या रंगवून आणायची आणि दुसऱ्या दिवशी ढकलत माझ्याकडे यायची. कॉईलच्या बोल्टाखाली रंग. दर वर्षी.

काहीही खरवडायच्या आधी एक कर. जाड वायरचा एक तुकडा घे. एक टोक कॉईलच्या पायाच्या उघड्या लोखंडाला, दुसरं सिलिंडर हेडच्या पात्याला, दोन्ही ठिकाणी घट्ट. आणि मग किक.

———

प्रेषक: कॅलगरी, नॉर्थवेस्ट
रविवार, रात्री १०:२०

मंडळी,

सांगितल्या क्रमाने गेलो. काळी-पांढरी सोडवली, फरक नाही. टॉर्स बाजूला केला, फरक नाही. स्टेटरच्या दोन्ही कॉईल मोजल्या. गॅरेजात ४ अंश होते, ताईंचा हिशेब धरला तर दोन्ही आकडे मॅन्युअलमध्ये बसतात.

मग मीटरचं एक टोक कॉईलच्या पायाला, दुसरं हेडला. मीटरवर आकडाच नाही, ओपन. कॉईल आणि इंजिन एकाच फ्रेमवर बसलेत आणि मधे काहीच जोडलेलं नाही!

काकांनी सांगितलं तसं बारा गेजच्या वायरचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना मगरक्लिप लावल्या. दिवे बंद केले. लेकीने किक मारली. काका, ती निळी ठिणगी! टचकन आवाज आला. तिने न सांगता पुन्हा किक मारली, आणि पुन्हा. मॅन्युअल म्हणतं ठिणगीने ६ मिलिमीटरची फट ओलांडायला हवी. टेस्टरवर फट ६ ला लावली, तिथेही आरामात उडी मारते.

मग बोल्ट काढला. कॉईलच्या पायाखाली जाड, गुळगुळीत निळा थर. काळ्या वायरीचं रिंगही त्याच बोल्टाखाली, तेही रंगावरच. फ्रेमच्या आट्यांत पावडर भरलेली होती आणि वर मी थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावलं होतं. इंजिनाच्या माउंटिंगलाही तेच. कोटिंगवाल्यांना आटे झाका म्हणून मी सांगायलाच हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

आता काही प्रश्न. किती खरवडू? उघडं लोखंड गंजणार नाही का? आणि इंजिनाला वेगळी अर्थ वायर देऊ का?

———

प्रेषक: रेड डिअर
सोमवार, सकाळी ७:१०

वायसरएवढा गोल, बस. पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. फ्रेमच्या आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरव, पावडर निघेल. रिंगखाली दातेरी वायसर घाल, तो कसताना लोखंडात रुततो. या बोल्टाला थ्रेडलॉकर नको. कसून झाल्यावर वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात फिरव. आधी ग्रीस नाही, आधी लोखंडाला लोखंड लागू दे. मग ओल शिरणार नाही, गंजायचं भय नाही.

इंजिनाला वेगळी वायर दे, हो. क्रँककेसच्या एका बोल्टापासून थेट कॉईलच्या बोल्टापर्यंत. मग फ्रेमवर कितीही रंग असो. वायर सायलेन्सरपासून लांबून ने.

किल स्विचची काळी-पांढरी जोडायला विसरू नकोस. ती जोडल्यावर गाडी बंद होते का ते सुरू झाल्या झाल्या पाहा.

———

प्रेषक: कॅलगरी, नॉर्थवेस्ट
मंगळवार, रात्री ९:०५

सुरू झाली.

पाचव्या किकला. पहिले काही सेकंद नुसता पांढरा धूर, मग आवाज बसला. टू-स्ट्रोकचा तो आवाज आणि जळलेल्या ऑइलचा वास आला आणि मला आमच्या गल्लीतली आरएक्स आठवली. मी दार उघडायला धावलो, लेक गाडीपाशीच थांबली. किल स्विचने बंद केली, लगेच बंद झाली. टॉर्स परत जोडलाय, काका.

माउंटिंग, कॉईल, काळी वायर, तिन्ही ठिकाणी रंग काढला. कॉईलच्या पायापासून हेडपर्यंत आता मीटर ०.१ ओहम दाखवतं, टोकांच्या वायरी वजा करून. वेगळी अर्थ वायरही टाकली. स्टेटर मूळचाच राहिला.

ताई, मॅन्युअलमधल्या रेझिस्टन्सच्या पानावर लेकीने तुमचा तापमानाचा हिशेब पेन्सिलीने लिहून घेतलाय. काका, मॅक्लीन क्रीकला जाऊ तेव्हा रेड डिअरहून याच. हेल्मेट जास्तीचं आहे, डबा आम्ही आणू. कॉईलच्या बोल्टाशेजारी निळ्या फ्रेमवर लेकीने मार्करने लिहिलंय, "इथे रंग नको". मराठीत.