साडेतीन वर्षांची घोडी मागच्या पायांत आखडते, कोणता व्यायाम द्यावा?

मढची_पागा:
नमस्कार. मढला आमचा दोन घोड्यांचा लहान तबेला आहे. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी, चांदणी, आता साडेतीन वर्षांची झाली. चिखलामुळे पावसाळाभर ती जवळजवळ ठाणावरच उभी होती. आता सकाळी बाहेर काढली की मागचे पाय काठीसारखे टाकते. डावा पाय कधी कधी मागे ताणलेलाच राहतो, खुराचं टोक जमिनीला घासतं आणि मग झटक्यात सुटतो. वीस मिनिटं चालली की बरीच मोकळी होते. सूज नाही, खाणंपिणं नीट आहे. मागून बघितलं तर मांड्या सपाट दिसतात. शेजारचे म्हणतात, अक्साच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पळवा, ताकद येईल. मला धीर होत नाही.

परळकर:
लघवीचा रंग बघितलात का? कामानंतर ती चहासारखी काळपट झाली आणि पुठ्ठे दगडासारखे लागले, तर चालवू नका, आहे तिथेच उभी ठेवून डॉक्टरांना बोलवा. ते दुखणं वेगळं.

जुना_मोतद्दार:
ताई, धीर होत नाही तेच बरं आहे. कोरड्या खोल वाळूत पळवू नका. पाय रुततो, सांध्यावर आणि शिरांवर ताण येतो, आणि थकलेला कोवळा जनावर पाय आणखी ओढतो.

तुमच्या वर्णनावरून वाटी अडकते असं वाटतं. मांडीखालच्या सांध्यावर वाटी असते. घोडा उभ्याउभ्या झोपतो तेव्हा तीच वर अडकून पाय ताठ धरते. मांडीचा स्नायू कमजोर असला की ती वेळेवर सुटत नाही. वाढत्या वयात, अंग बारीक असताना आणि ठाणावर उभं राहून हे होतं. तरी आधी डॉक्टरांकडून सांधे तपासून घ्या, गरज पडली तर एक्स-रे काढा. कोवळ्या घोड्यात सांध्यातल्या कूर्चेचं दुखणंही असतं, आणि ते व्यायामाने बिघडतं.

सांधे ठीक निघाले तर अंगावर कोणालाही न बसवता रोज हातात धरून चालवा. पहिली पंधरा मिनिटं नुसती संथ चाल, सरळ रेषेत. लहान गोलात फिरवू नका, लांब दोरीवर तर अजिबात नाही. ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळते, ती चालेल. आठवड्याभराने हलक्या चढावर न्या. उतरताना घाई नको. मग जमिनीवर चार बांबू आडवे टाका, अडीच-पावणेतीन फुटांच्या अंतराने, आणि त्यांवरून चालवा. पाय उचलायला तिला विचार करावा लागतो, त्यातच मांडी कामाला लागते. दिवसातून दोनदा पाच-सहा पावलं मागे सरकवा, मान खाली ठेवून, हळू. दुडकी नंतर, तीही सरळ.

आमच्याकडे एक शिंगरू असंच होतं. तीन आठवडे काही फरक दिसेना, मी रात्री उठून त्याचे पाय चोळायचो. अडकणं थांबायला तीन महिने लागले. ते आठवलं की अजून गळा भरून येतो.

नालबंदाला खुराचं टोक बघायला सांगा. लांब टोकाने पाय सुटायला उशीर होतो. आणि दिवसभर मोकळी सोडता आली तर सोडा, ते सगळ्यात मोठं औषध.

मढची_पागा:
काका, लघवी स्वच्छ आहे. काल डॉक्टर येऊन गेले, वाटीचंच म्हणाले, एक्स-रे पुढच्या आठवड्यात. टोक खरंच लांब होतं. मागचं अंगण साफ करून कुंपण घालतेय, तिथे मोकळी राहील. बांबूंवरून आज पहिल्यांदा नेलं. दोन बांबू नीट ओलांडले, तिसऱ्याला खूर लागला. अजून चौथा टाकू का, की तीनच ठेवू?

जुना_मोतद्दार:
दोनच ठेवा, ताई. तीन दिवस एकही खूर लागला नाही तर तिसरा.